शेवटच्या पानावरचं शुद्धिपत्र

"फोन टाका," बंडा चौगुले म्हणाला आणि चिवड्याचा रिकामा पत्र्याचा डबा त्यानं सगळ्यांच्या पुढ्यातून फिरवला.

माझा फोन डब्यात केव्हाचाच पडला होता, कारण मी सगळ्यांच्या आधी येऊन बसलो होतो. मग तिघा माने बंधूंचे तीन पडले, फिरोज मुल्लाणीचे दोन पडले आणि शेवटी आप्पांचा पडला. आप्पा त्या दिवशी अर्धा तास उशिरा आले. जिना चढून आले, माझ्याकडं एकदा बघितलं, टोपी काढून मांडीवर ठेवली आणि भिंतीला टेकून बसले. बंडानं डब्याला झाकण लावलं, दाराला आतून कडी घातली, कडीला गिरणीचं कुलूप घातलं आणि किल्ली खिशात टाकली.

"आता पहिली फेरी होईस्तवर कुणाला काय बी लागू दे, दार उघडणार न्हाई," तो म्हणाला. "पाणी बी बेतानं प्या."

सगळे हसले. मीही हसलो. धास्तावलेला माणूस किती मोठ्यांदा हसू शकतो, ते मला त्या दिवशी कळलं.

हे कुलूप-किल्ली कशाला, ते आधी सांगतो, नाहीतर तुम्हाला वाटायचं आम्ही दरोड्याचा बेत करायला बसलो होतो. आमच्या कोल्हापुरात पेठेपेठेच्या तालमींचे फुटबॉलचे संघ असतात. दिवाळी झाली की हंगाम सुरू, आणि मग उन्हाळ्यापर्यंत माणसाला दुसरं काही सुचत नाही. फिरोज तेव्हा इंग्लंडातल्या लीगचा एक खेळ कॉम्प्युटरवर खेळायचा. खेळाडू निवडून आपला मनातला संघ करायचा, ते खेळाडू खऱ्या मॅचमध्ये जसे खेळतील तसे आपल्याला गुण. तो म्हणाला, त्या गोऱ्यांची नावं घेताना जीभ वळत नाही, आपल्याच तालमींची पोरं घेऊन खेळूया. झालं. दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी दुपारी आम्ही सात जण बंडाच्या पिठाच्या गिरणीवरच्या माळ्यावर बसायचो आणि पाळीपाळीनं खेळाडू उचलायचो. एकानं उचलला की तो दुसऱ्याला नाही. फिरोज त्याला ड्राफ्ट म्हणायचा, आम्ही वाटणी म्हणायचो. हंगामाच्या शेवटी जो तळाला तो सगळ्यांना जेवण घालणार, एवढाच व्यवहार. पण चुरस अशी की एका वर्षी मधल्या मान्यानं लघवीच्या निमित्तानं बाहेर जाऊन थेट खेळाडूलाच फोन लावला, "तुझा ताप उतरला असंल तर सांग, म्हंजे तुला घेतो." तेव्हापासून डबा आणि कुलूप.

आणि या वाटणीची तयारी सगळे ज्याच्यावरून करायचे, ती पोथी माझी.

मी एका छापखान्यात जुळणीचं काम करायचो. लग्नपत्रिका, बारशाची कार्डं, दशक्रियेची पत्रकं. गणपती बसले की मी रोज पहाटे सायकल काढून एकेका मैदानावर जायचो आणि सराव बघत वहीत टिपायचो. कोण कुठल्या पायानं मारतो, कुणाचा घोटा दुखतोय, कोण रेफरीशी भांडून बाहेर बसतो, कुणाचं नुकतंच लग्न ठरलंय. त्याची चोवीस पानी पुस्तिका करायची. पानाच्या माथ्यावर एक खेळाडू, खाली बारीक अक्षरांत आणखी तीन-चार; नुसता पान नंबर घेतला की माथ्यावरचा समजायचा. प्रत्येकाला तब्येतीचा शेरा आणि दहापैकी गुण. मुखपृष्ठावर मी 'हंगामपूर्व माहितीपुस्तिका' असं झोकात छापायचो, पण अख्खं गाव तिला पोथी म्हणायचं. सुरुवातीला आमच्या सात जणांपुरती होती. पुढं पुढं तालमींचे खरे व्यवस्थापकसुद्धा मागून न्यायला लागले, कारण खेळाडू आपलं दुखणं त्यांच्यापासून लपवायचे आणि पोथीपासून काही लपायचं नाही. आमच्या पेठेच्या संघाचे व्यवस्थापक म्हणजे हे हिंदुराव आप्पा इंगवले. वाटणी झाली की ते त्याच पोथीवर बोट ठेवून खऱ्या मॅचचे अकरा जण ठरवायचे. सयाजीनं लिहिलं म्हणजे खरं, असं आप्पा चारचौघांत म्हणायचे आणि मी दोन दिवस जमिनीवरून दोन बोटं वर चालायचो.

माझा धाकटा भाऊ धैर्यशील आमच्या पेठेचा फॉरवर्ड होता. त्याच्याबाबतीत माझा नियम होता, घरचा म्हणून एक गुण कापायचा. दोन हंगामांमागं त्यानं पंधरा गोल मारले, तरी पुढच्या पोथीत मी आठच दिले. तो ते पान वाचून म्हणाला होता, "दादा, परक्या घरात जन्मलो असतो तर बरं झालं असतं."

त्या वर्षीच्या पोथीत पान सतरावर मी त्याला दहा दिले होते.

ते कसं झालं, तेही सांगून टाकतो. धैर्या दीड महिना सांगलीला मामाकडं कामाला गेला होता, त्यामुळं सरावाला नव्हता. दसऱ्याच्या आदल्या दिवशी तो एकदम छापखान्यात आला आणि कागदाच्या गठ्ठ्यावर बसला.

"दादा, पोथी छपाईला गेली?"

"उद्या जाणार. तुझंच पान राहिलंय. तब्येत काय लिहू?"

त्यानं काही न बोलता पँटचा पाय वर सरकवला. उजवा गुडघा नारळाएवढा सुजला होता. सांगलीत कुठल्यातरी मैदानावर पाय पिळवटला होता.

"मिरजेच्या डॉक्टरला दाखवला. आतली दोरी अर्धी तुटलीय म्हणाला. ऑपरेशन करायचं आणि वर्षभर मैदानाकडं बघायचं न्हाई."

"आणि तसंच खेळलास तर?"

"आणखी एक पिळा बसला तर जन्माचा लंगडा."

"मग विषय संपला. मी लिहितो, यंदा खेळणार नाही."

"दादा, ऐक." त्यानं माझा हात धरला. शाईचा हात होता, त्याच्या मनगटाला काळं लागलं. "कंपनीची माणसं येणार हायत पयल्या तीन मॅचला. खेळाडू म्हणून नोकरीला घेतायत दोघांना. वयाची अट सव्वीस. मला मार्चमध्ये सव्वीस पुरी होतायत. पुढच्या वर्षी माझा अर्जसुद्धा घेणार न्हाईत. तीनच मॅच. पट्टी बांधून काढतो. मग खुशाल ऑपरेशन कर."

"आणि त्या तीन मॅचमध्येच पाय गेला तर?"

"गेला तर माझा गेला. आप्पा तुझी पोथी बघूनच अकरा ठरवतात. तू फक्त एक शब्द लिही, दादा."

वडील गेले तेव्हा तो नऊ वर्षांचा होता आणि मी एकोणीस. त्याला शाळेत घालण्यापासून पहिले फुटबॉलचे बूट आणण्यापर्यंत सगळं मी केलं. पण त्या बुटांनंतर त्यानं माझ्याकडं कधी काही मागितलं नव्हतं. ते पहिल्यांदा मागत होता. मी लिहिलं. 'तंदुरुस्त. दोन्ही पायांनी सारखाच. गुण दहा.' खोटं बोलायचंच तर आखडता हात कशाला, असा विचार केला असावा. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

पोथी छापून झाली, गावभर वाटली गेली, आणि तिथून पुढं मला घास जाईना. घरात तो जिना चढायला लागला की मी पायऱ्या मोजायचो. भाऊबीजेला बहिणीनं ओवाळलं, श्रीखंड वाढलं आणि मी ताट तसंच सरकवलं. पुढच्या रविवारी पहिली मॅच होती. आप्पांना सांगावं तर भावाची नोकरी जाते, न सांगावं तर भावाचा पाय. बरं, ज्यानं खरं लिहायचं त्यानंच खोटं छापलंय, आता कुठल्या तोंडानं बोलणार? ही सगळी गुंतवळ डोक्यात घेऊन मी त्या माळ्यावर बसलो होतो आणि दाराला कुलूप होतं.

माळ्याला खिडकी एकच. तिच्यापुढं बंडानं रिकाम्या पोत्यांची थप्पी लावलेली. नोव्हेंबर असला तरी दुपारी पत्रा तापायचा आणि पिठाचा वास घशात बसायचा. मध्ये सतरंजीवर पोथीची एक प्रत, शेजारी आप्पांचं रजिस्टर.

"वाच शुद्धिपत्र," आप्पा म्हणाले.

ही आमची पद्धत. पोथी छापून वाटणीपर्यंत दोन-तीन आठवडे जातात, तेवढ्यात कुणाचा पाय मुरगळतो, कुणी गाव सोडून जातो. म्हणून वाटणीच्या आधी मी बदल वाचून दाखवायचे, सगळ्यांनी आपापल्या प्रतीत शेवटच्या पानावर लिहून घ्यायचे, आणि आप्पांनी एकदा विचारायचं, झालं का शुद्धिपत्र? मी झालं म्हणालो की त्यानंतर पोथीला बोल लावायचा नाही.

मी खिशातला कागद काढला. "पान चार. दक्षिण वेशीचा गोलकीपर, डाव्या हाताचं बोट मोडलंय. सहा गुण होते, चार करा. पान नऊ. सोनार चौकाचा बॅक, लग्न ठरल्यामुळं सरावाला नसतो. सात होते, पाच करा."

"लगीन झाल्यावर तीन करा," थोरला माने म्हणाला.

"पान बावीस. नाव चुकलंय. प्रशांत नव्हे, प्रसाद."

"झालं?" आप्पांनी विचारलं.

"झालं."

एवढ्यात डब्यात काहीतरी गुरगुरलं. कुणाचातरी फोन थरथरत पत्र्यावर सरकत होता.

"सयाचं म्हातारं कण्हतंय," फिरोज म्हणाला. माझ्या फोनचं मागचं झाकण तुटलं होतं, मी ते रबरबँडनं बांधलं होतं, त्यामुळं त्याचा खुळखुळाट वेगळा ओळखू यायचा. वाजून वाजून तो थांबला.

"सावकाश बघ, सयाजी," आप्पा म्हणाले. "चोवीस पानं हायत. मधली पानं बघितलीस?"

"बघितली आप्पा."

मी कागदाकडंच बघत होतो. कागदावर आणखी काही नव्हतं. आप्पा रजिस्टर उघडून पेन हातात धरून बसले होते, पण लिहीत नव्हते. फोन परत वाजायला लागला. बंडानं डब्यावर हात दाबून धरला.

"शेवटचं विचारतो," आप्पा म्हणाले. "शुद्धिपत्र पूर्ण?"

आप्पा दरवर्षी एकदाच विचारायचे. त्या दिवशी तीनदा विचारलं, हे माझ्या ध्यानात आलं होतं. पण चोराच्या मनात चांदणं, तसं मला वाटलं की मीच जास्त ऐकतोय.

"पूर्ण," मी म्हणालो.

आप्पांनी रजिस्टरात तसं लिहिलं.

चिठ्ठ्या टाकून क्रम ठरला. पोथी लिहिणाऱ्याला जास्त माहीत म्हणून त्यानं पहिल्या फेरीत कायम शेवटी उचलायचं, हा जुना नियम. आणि नाव घेताना पोथीवर हात ठेवायचा. फिरोजनं ते गमतीत सुरू केलं होतं, पुढं त्याची शपथच झाली.

धाकट्या मान्यानं पोथी चाळली. पान सतरा आलं, तिथं तो क्षणभर थांबला आणि पान उलटलं. "पान चौदा," म्हणून त्यानं हात ठेवला. गोलकीपर. त्यात नवल नव्हतं, तो दरवर्षी गोलकीपरच घ्यायचा.

दुसरा फिरोज. हा माणूस तीन वर्षं ओरडत होता, धैर्या एकदा माझ्या वाट्याला येऊ दे, मग बघा. मी डोळे मिटून घेतले. याच्यापुढं ऐकायला नको असं वाटलं आणि लवकर उरकू दे असंही वाटलं. फिरोजनं घसा खाकरला.

"पान सहा."

मी डोळे उघडले. पान सहावर सोनार चौकाचा हाफ होता, गुण सात. फिरोज माझ्याकडं बघत नव्हता. सतरंजीचा सुटलेला धागा ओढत होता.

बंडानं पान वीस घेतलं. थोरल्या मान्यानं पान दोन घेतलं. मधल्या मान्यानं बराच वेळ घेतला, एकदा आप्पांकडं बघितलं, एकदा माझ्याकडं बघितलं आणि पान दहा म्हणाला. सबंध पोथीत दहा गुण असलेला एकच खेळाडू होता आणि त्याला कुणी हात लावत नव्हतं. कुणी थट्टा करत नव्हतं, कुणी कुणाला डिवचत नव्हतं. एरवी पहिल्या फेरीत माळा डोक्यावर घ्यायचे हे लोक.

आता आप्पा. आप्पा दरवर्षी डोळे झाकून धैर्याचं नाव घ्यायचे. आपल्या पेठेचं पोर मी दुसऱ्याला देतो व्हय, म्हणायचे.

"पान अकरा," आप्पा म्हणाले.

पान अकरावर आमच्याच पेठेचा एक नवखा पोरगा होता. गुण पाच.

डब्यात फोन पुन्हा वाजायला लागला, आणि या वेळी थांबेना. थांबायचा, परत सुरू व्हायचा.

"घरात कुणाचं काय झालं नसंल न्हवं?" बंडा म्हणाला. "उघडू का, आप्पा?"

"फेरी होऊ दे. नेम म्हंजे नेम," आप्पा म्हणाले. "सयाजी, तुझी पाळी."

इकडं आड आणि तिकडं विहीर म्हणतात, तिथं निदान माणूस उघड्यावर उभा असतो. मला पाय हलवायलाही जागा नव्हती. मीच दहा दिलेला भाऊ समोर शिल्लक, आणि मी दुसऱ्याच कुणाचं नाव घेतलं तर पान सतरा खोटं आहे हे मी स्वतःच्या तोंडानं सांगितल्यासारखं. त्याचं नाव घ्यायचं तर पोथीवर हात ठेवून घ्यायचं. नुसतं बोलून टाकावं, आप्पा चुकलो, असं तीनदा ओठांवर आलं. पण धैर्याचा चेहरा डोळ्यांपुढं येत होता, त्याच्या मनगटाला लागलेली शाई दिसत होती. आणि खरं सांगायचं तर त्याच्याही आधी मला सहा जणांचे चेहरे दिसत होते. सयाजीनं लिहिलं म्हणजे खरं. हे परत कुणी म्हणणार नाही, याची मला जास्त भीती वाटली. इतकी वर्षं मी स्वतःलाही सांगत आलो की भावापायी केलं. निम्मंच भावापायी केलं.

मी पोथीवर हात ठेवला.

"पान सतरा. धैर्यशील सरनाईक."

आप्पांनी पेनाला टोपण लावलं.

"लिहून घ्या की, आप्पा," मी म्हणालो.

"लिवतो. त्याच्या आधी एक सांगतो, ते ऐक." आप्पांचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. "मला आज उशीर का झाला, विचारलं न्हाईस. मी निघालो आणि दारात धैर्या उभा. कळवळत होता. म्हणाला, आप्पा, माझा गुडघा गेलाय, मी खेळणार न्हाई, आणि पोथीत जे छापलंय ते मी दादाला लिवायला लावलंय. दादा पंधरा दिस झाले धड जेवलेला न्हाई, मला ते बघवंना."

बंडानं डब्यावरचा हात काढला.

"मी म्हटलं, ठीक हाय, वर जाऊन सांगतो सगळ्यास्नी. तर हात जोडले पोरानं. म्हणाला, तुम्ही सांगू नका. दादानं छापलंय, दादालाच दुरुस्त करू दे. न्हाईतर लोक म्हणतील पोथी खोटी. तुम्ही फक्त विचारा, तो सांगंलच. खाली गिरणीत बसलाय वाट बघत." आप्पांनी टोपी मांडीवरून उचलली आणि परत ठेवली. "मी तीनदा विचारलं, सयाजी."

मी पोथीवरचा हात काढून घेतला.

"आमाला आप्पांनी काय सांगितलेलं न्हाई," फिरोज हळू म्हणाला. "पर पोथी काय आज वाचतोय व्हय आम्ही? पंधरा गोल मारले तवा तू त्याला आठ दिलेस, सया. सरावाला नसलेल्या पोराला दहा दिल्यावर आम्ही काय समजायचं? आम्हाला वाटलं, तू सांगशील."

म्हणजे सगळ्यांना कळलं होतं. मी एकटाच त्या कुलपाच्या आत होतो, बाकी सगळे केव्हाच बाहेर होते आणि माझी वाट बघत होते.

बंडानं डब्याचं झाकण उघडलं, माझा फोन काढून माझ्या हातात दिला. अकरा कॉल, सगळे धैर्याचे. त्याखाली एक मेसेज. 'दादा मी आप्पांना सांगितलं. तू पण सांगून टाक. आता नीट जेव.'

मी तिथं सगळ्यांसमोर रडलो. लाजलो नाही. थोरल्या मान्यानं तांब्या पुढं केला.

आप्पांनी रजिस्टरातलं ते पान फाडलं, घडी करून खिशात घातलं. "पहिली फेरी पुन्हा घ्या. पान सतरा वाटणीत न्हाई. आणि हितलं हितंच."

सगळ्यांनी माना हलवल्या. मी म्हणालो, "मी खाली जातो आप्पा. त्याला मीच सांगतो, मी काय केलं ते."

"चल," आप्पा म्हणाले, "मी बी येतो."

बंडानं कुलूप काढलं. जिन्याच्या सोळा पायऱ्या आहेत तिथं. सोळा पायऱ्यांत मी वाक्य तयार केलं होतं. धैर्या, मी शपथेवर खोटं बोललो. एवढंच. त्याच्या पुढं काही जोडायचं नाही, कारण द्यायचं नाही.

धैर्या धान्याच्या वजनकाट्यावर उजवा पाय लांब करून बसला होता. हातात फोन. आम्हाला बघून तो काट्याला धरून उठला, आणि माझ्याकडं नाही, माझ्या खांद्यावरून आप्पांकडं बघत हसून म्हणाला, "सांगितलं न्हवं दादानं? मी म्हटलं होतं न्हवं तुमाला?"

मी तोंड उघडलं. त्याच्या चेहऱ्यावर इतक्या दिवसांनी हसू आलं होतं आणि ते सगळं माझ्यावर टाकलेल्या भरवशाचं होतं.

"सांगितलं," आप्पा मागून म्हणाले. "पयल्याच झटक्याला सांगितलं. मला विचारायची पाळीच आली न्हाई. पान सतरा वाचताना आवाज बसला त्याचा."

उभ्या आयुष्यात त्या माणसाला मी खोटं बोलताना ऐकलं नव्हतं. गोल आपल्याविरुद्ध असला तरी तो गोलच होता म्हणून रेफरीला सांगणारा माणूस.

धैर्यानं मला मिठी मारली. एका पायावर उभा होता, सगळा भार माझ्यावर. "सुटलो दादा," म्हणाला. "नोकरीचं बघू कायतरी. चल, भूक लागलीय मला. तुला बी लागली असंल." मी त्याला धरून उभा राहिलो.

त्याला रिक्षात बसवलं आणि मी मागं फिरलो. आप्पा गिरणीच्या दारात चप्पल घालत होते.

"आप्पा, का केलंत असं? मी सांगणार होतो."

"कवा? तो इचारत हुता तवा तुझं तोंड बघितलं मी." त्यांनी दुसरी चप्पल पायात सरकवली. "पोराचा गुडघा गेला. नोकरी गेली. आता भाऊ बी घालवू व्हय त्याचा?"

"पण मी..."

"तुला सोपं जावं म्हणून न्हाई केलं, सयाजी. त्याला सोपं जावं म्हणून केलं. तू आता हे घेऊन चाल."

या गोष्टीला चौदा वर्षं झाली. पुढच्याच महिन्यात धैर्याचं ऑपरेशन झालं. कंपनीची नोकरी दुसऱ्या पोरांना मिळाली. आज तो एका शाळेत मुलींचा संघ शिकवतो, त्यांच्याबरोबर मैदानाला फेऱ्या मारतो, गुडघ्याला काही झालं होतं हे सांगूनही खरं वाटायचं नाही. मी पोथी त्याच वर्षी बंद केली. डोळे दुखतात म्हणून सांगितलं. धैर्या दर दिवाळीला म्हणतो, "दादा, परत काढ की. तुझ्यासारखं खरं लिवणारं दुसरं कोण हाय?" आणि त्याच्या संघातल्या प्रत्येक नव्या मुलीला तो ती गोष्ट सांगतो, माझ्या दादानं स्वतःच्या भावाविरुद्ध सहा जणांसमोर शुद्धिपत्र वाचलं. फिरोज, बंडा, तिघे माने, यांच्यापैकी एकानं चौदा वर्षांत चकार शब्द काढला नाही. एखादा फुटला असता तर मी त्याचा जन्मभर ऋणी राहिलो असतो.

यंदा श्रावणात आप्पा गेले. तालमीत शोकसभा झाली. दोघा-चौघांची भाषणं झाल्यावर धैर्या उभा राहिला. म्हणाला, आप्पांनी आयुष्यात खोटं कधी खपवून घेतलं नाही, आणि त्यांच्या तालमीत वाढलेला माझा दादा बी तसाच. मग त्यानं सगळी गोष्ट सांगितली. पान सतरा, दहा गुण, बसलेला आवाज, सगळं. आप्पांनी रचलेला प्रत्येक शब्द त्यानं जपून ठेवला होता. लोक माझ्याकडं वळून बघत होते. मानेबंधू खाली बघत होते. फिरोजनं शेजारून माझा हात घट्ट दाबून धरला. सांगायचं तर आता सांग, आता आप्पाही नाहीत, असं मला वाटलं. मी उठलो नाही. मी मान डोलावली.

सभा सुटली तेव्हा दाराशी चपलांचा ढीग पडला होता. माझी चप्पल मला सापडेना. धैर्यानं ती शोधून आणली, सगळ्यांच्या देखत उजवा गुडघा जमिनीला टेकवून वाकला आणि माझ्या पायांपुढं नीट लावून ठेवली.

"घाल, दादा," म्हणाला.